दगडावरची दौत

मुंगीला जिना चढता येत नाही; ती जिन्यावर हल्ला करते. चौथ्या मजल्यावर इस्त्री करत उभ्या असलेल्या मावशीला आधी खालच्या दाराचा आवाज आला, मग दोन-दोन पायऱ्या गाळत येणारी पावलं, मग तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी बादली लवंडल्याचा आवाज आणि "सॉरी, काकू!" असा पुकारा. मावशीने इस्त्री उभी करून ठेवली. एवढी घाई म्हणजे बातमी आहे आणि ती चांगली आहे, हे तिने ओळखलं. वाईट बातमी असली की ही पोर जिन्यातच बसून राहते आणि तिला खाली जाऊन वर आणावं लागतं.

"तारीख मिळाली!" दार उघडायच्या आतच मुंगी ओरडली. "शुक्रवारी अकरा वाजता! तोंडी परीक्षा! मावशी, चार दिवस!"

"आधी चपला काढ."

"चार दिवस, मावशी!"

"चार दिवसांत चपला निघतील ना?"

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षांपूर्वी ती जन्मली ती दोन महिने आधीच, आणि वजन असं की काट्यावर ठेवल्यावर वॉर्डातली नर्स म्हणाली, "अगं बाई, ही तर मुंगी!" ती नर्स म्हणजेच मावशी. आई तिसऱ्या दिवशी गेली. जाण्याआधी तिने काचेच्या पेटीत हात घालून लेकीचं बोट धरलं होतं, ते मावशीने पाहिलं होतं. बाप म्हणवणारा कोणी फिरकलाच नाही. बाळाला दूध ओढता येईना, म्हणून मावशीने बोंडल्याने पाजायला सुरुवात केली. बोंडलं म्हणजे धरायला कान आणि पोटाला चोच असलेली इवलीशी वाटी. चोच बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात टेकवायची आणि थेंब थेंब सोडायचं. दर दोन तासांनी, नऊ आठवडे. नऊ आठवड्यांनंतर बाळाला घरी न्यायला कोणीच नव्हतं, तेव्हा अर्ज, शिक्के, सह्या सगळं पार पाडून मावशी तिला आपल्या घरी घेऊन आली. वॉर्डात ती सगळ्यांची सिस्टर होती आणि घरात एकटीची मावशी.

आई म्हणवून घ्यायला तिचं मन कधी धजलं नाही. तो शब्द त्या तीन दिवसांच्या बाईचा, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. घरात त्यावाचून काही अडत नव्हतं; अडायचं ते कचेऱ्यांच्या खिडक्यांवर. शाळेत नाव घालताना कारकुनाने विचारलं, "मुलीशी नातं?"

"मावशी."

"म्हणजे आईची बहीण?"

"नाही."

"मग कोण तुम्ही?"

मावशी गोंधळली, आणि फॉर्मच्या रकान्यात तिने जे खरं होतं तेवढंच लिहिलं: भरवलं. कारकुनाने लाल शाईने ते खोडलं, वर 'इतर' असं लिहिलं आणि शिक्का मारला. त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर मावशी स्वतःच निमूटपणे 'इतर' लिहीत आली. मुंगी त्या वेळी सहा वर्षांची होती. तिची हनुवटी जेमतेम खिडकीच्या फळीला लागत होती, पण डोळे फळीच्या वर होते.

हीच पोर पुढे लॅटिनच्या नादी लागली आणि एका शब्दावर प्रबंध लिहायला बसली. "पाच वर्षं एकाच शब्दावर?" वॉर्डातल्या नर्स विचारायच्या. "म्हातारा शब्द आहे, सावकाश बोलतो," असं मावशी ठोकून द्यायची. पण शब्द तिला तोंडपाठ होता. अलुम्ना, पुरुष असेल तर अलुम्नस. कॉलेजं आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना 'अ‍ॅलम्नाय' म्हणून वर्षातून एकदा गोळा करतात, तो शब्द याच घरातला. मुंगीचं म्हणणं असं, की याच्या मुळाशी एक साधं क्रियापद आहे: भरवणं, पोसणं. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांवर हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तो विद्यार्थ्यांसाठी नव्हे. तो येतो पोटच्या नसलेल्या, पण पोसून मोठ्या केलेल्या मुलांसाठी. असे एकशे चाळीस दगड तिने पुस्तकांतून आणि फोटोंतून जमवले होते. मावशीने ते सगळेच्या सगळे भांडी घासताना ऐकले होते.

घोडं अडलं होतं एकाच दगडापाशी, आणि तो नेमका मुंगीच्याच कॉलेजात होता. संस्थापकांनी शंभर वर्षांपूर्वी तो समुद्रापलीकडून आणला होता. त्यावरची नावं फुटलेली, वयाचा आकडा फुटलेला. शिल्लक एवढंच, की कोणा एका बाईने 'आपल्या अलुम्नेसाठी' हा दगड लावला. अक्षरांखाली कोरलेली दौत, आणि दौतीतून तिरका बाहेर आलेला टाक. लॅटिनच्या जगात सगळे ज्यांना मोठे सर म्हणत, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी त्यावर पुस्तक लिहिलं: ही एक शिक्षिका, आणि ही तिची लाडकी विद्यार्थिनी. तेव्हापासून दौत-टाक कॉलेजच्या गेटवर चढली, पदकांवर चढली, स्वेटरच्या खिशावर चढली. तो खिसा मावशीने कित्येक वर्षं इस्त्री केला होता.

"आणि परीक्षक कोण, सांग," चपला एकदाच्या काढून मुंगी म्हणाली.

"कोण?"

"मोठे सर! स्वतः!"

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मुंगीचं चौथं प्रकरण त्याच दगडावर होतं. त्यात तिने सरळ लिहिलं होतं की मोठ्या सरांचं चुकलंय. फक्त दौतीचं काय करायचं, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. गाईड मॅडमनी हात जोडून सांगितलं होतं, की गुरुवार संध्याकाळपर्यंत ते प्रकरण मागे घे, नाहीतर पदवी हातची जाईल.

"मग गाळ ना ते," मावशी म्हणाली. "एकशे चाळीस आहेत की तुझ्याकडे. एक दगड नसला तर काय आभाळ कोसळणारे?"

"नाही गाळणार."

"पाच वर्षं पाण्यात घालशील, मुंगे."

"बाकीचे सगळे लांबचे आहेत. हा आपल्या गेटवर आहे, मावशी. रोज त्याच्याखालून गेले मी." क्षणभर तिचा आवाज जड झाला, आणि लगेच पुन्हा उधळला. "उद्या दगडाचा ठसा घेणारे! परवानगी मिळाली! वयाचा आकडा ठशात उमटला तर? पोर दोन वर्षांची निघाली तर कसली डोंबलाची विद्यार्थिनी! आणि तू येणार आहेस धरायला. उद्या तुझी सुट्टी आहे, मी वॉर्डात फोन करून विचारून घेतलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत होत्या. मावशीने तो दगड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. गेटवर केवढा थोरला केलेला, आणि प्रत्यक्षात उशीएवढा. काम सोपं होतं आणि जिवावरचं होतं. आधी मऊ ब्रशने आणि स्वच्छ पाण्याने दगड धुवायचा, खाचाखोचांतली जुनी घाण काढायची. मग जाड टीपकागद भिजवून त्यावर पसरायचा, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दाट ब्रशने तो असा थोपटायचा की ओला कागद प्रत्येक खळग्यात उतरेल. मग वाळू द्यायचं आणि अलगद सोलून काढायचं.

"जोरात नको, मावशी!"

"मला शिकवतेस? अर्ध्या किलोची पोरं आंघोळ घालून काढलीत मी."

आणि खरंच, धुण्याचं काम मावशीनेच केलं. कापसाच्या बोळ्याने, काडीने, कानाकोपऱ्यातून तिने अशी घाण काढली की पाण्याचा तिसरा टब काळा झाला. टाकाच्या टोकाशी मातीचा एक कडक खडा बसला होता, तोही तिने भिजवून भिजवून हलवला. मग कागद चढला. पंखा लावून दोघी पायऱ्यांवर डबा खायला बसल्या, पण मुंगीच्या घशाखाली घास उतरेना. दर पाच मिनिटांनी ती उठून खोलीत डोकावून यायची.

दुपारी ठसा निघाला. अक्षरं उलटी, पण सुरेख. मुंगीने वयाच्या जागेवर दिवा आडवा धरला, वरून धरला, खालून धरला. काहीच नव्हतं. आकडा होता तिथला दगडच उडाला होता, तर कागद तरी काय दाखवणार? मुंगी भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसली. जिन्यात बसायची तशीच.

मावशीला ते बघवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने ठसा दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी धरला. उन्हाची तिरीप कागदावर आडवी पडली. मावशी आधी अक्षरं बघत होती, ती तिला कळत नव्हती. मग ती खाली दौतीकडे आली, आणि तिथे थांबली.

"मुंगे, टाकाला टोकाशी भोक असतं का गं?"

"कसलं भोक?"

"हे बघ. दगडाला लागलेल्या बाजूने दाणा आलाय. म्हणजे तिथे भोक आहे. मघाशी खडा काढला ना मी, तिथेच."

मुंगी उठली नाही. "टवका उडाला असेल."

"टवका असा गोल उडतो?" मावशीचा आवाज वॉर्डातला झाला, त्या आवाजाला डॉक्टरसुद्धा उभे राहतात. "ऊठ. इकडे ये. टाक दौतीत कुठून घालतात? तोंडातून. हा तोंडातून निघालाय का? काठ बघ, काठ अख्खा आहे. हा खालून निघालाय, पोटातून."

मुंगी उठली.

"आणि हा मधोमध कान. हा कशाला?"

"दौत टांगायची कडी, असं सरांनी..." मुंगीचं वाक्य तोंडातच राहिलं.

मावशीला आता हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते, दोन्ही एकदम. सत्तावीस वर्षं ती वस्तू तिच्या हातात होती. दिवसातून वीस वेळा ती उकळत्या पाण्यातून काढत होती. "अगं, बोंडलं आहे हे! दौत कसली घेऊन बसलात! ही चोच, हे चोचीचं भोक. ही बाई शिक्षिकाबिक्षिका कोणी नाही. हिने पोरीला पाजलंय!"

त्यानंतर जे झालं त्यात पाण्याचा टब लवंडला, एक स्टूल पडलं, आणि ग्रंथालयातून दोन जण पळत आले. मुंगी मावशीला धरून गरगर फिरवत होती आणि मावशी ठसा डोक्याच्या वर धरून ओरडत होती, "कागद! अगं कागद फाटेल!"

गाईड मॅडमनी ठसा पाहिला, दोनदा पाहिला, आणि कपाळाला हात लावला. "अगं, पण मोठ्या सरांसमोर हे कोणाच्या सांगण्यावरून मांडणार? एका नर्सच्या?"

"नर्सच्याच," मुंगी म्हणाली. "त्याही येणार आहेत. बोंडलं घेऊन."

"मी नाही येणार," घरी आल्यावर मावशीने स्पष्ट सांगितलं. "तिथे सगळ्यांचे आईवडील असतात. मी कोण म्हणून बसू?" गुरुवारची संध्याकाळ आली आणि गेली, चौथं प्रकरण जागच्या जागी राहिलं. रात्री जेवताना मावशीने विचारलं, "मोठे सर नाहीच म्हणाले तर?" मुंगी म्हणाली, "तर मी नापास." आणि आणखी थोडं वाढून घेतलं. मावशी उठली आणि तिने स्टीलचं बोंडलं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी सभागृहाच्या दाराशी एक कारकून नोंदवही घेऊन बसला होता. नाव, व्यवसाय, उमेदवाराशी नातं. मावशीने नाव लिहिलं, परिचारिका लिहिलं, आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"बाई, नातं?"

"नंतर लिहिते," म्हणून ती झटकन आत सटकली आणि शेवटच्या रांगेत बसली.

मोठे सर उंच होते, वाकलेले होते, आणि त्यांच्या समोर त्यांचंच पुस्तक होतं. पहिली वीस मिनिटं मुंगीने एकशे चाळीस दगड असे फेकले की मावशीचा ऊर भरून आला. मग चौथं प्रकरण आलं. मुंगीने ठसा समोर ठेवला, दाणा दाखवला, पोटातून निघालेली चोच दाखवली. एकही मुद्दा तिने सोडला नाही.

मोठ्या सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "टाक नाही," ते शेवटी म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. "एवढं मी मान्य करतो. चोच आहे. पण चोच तेलाच्या दिव्यालाही असते, नाही का? ज्ञानाचा दिवा. शिक्षिकेने विद्यार्थिनीला दिलेला. माझं म्हणणं उलट पक्कं होतं."

मुंगीने ठशावर पुन्हा नजर टाकली. हा दिवा तिच्या ध्यानीमनी नव्हता. गाईड मॅडमनी डोळे मिटून घेतले. मावशीने पाहिलं, की मुंगी टेबलाची कड घट्ट धरून उभी आहे.

"दिव्याचा कान असा नसतो," शेवटच्या रांगेतून आवाज आला. तो आपलाच आहे हे मावशीला उभी राहिल्यावर कळलं.

"आपण कोण?" मोठे सर म्हणाले.

"मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. सत्तावीस वर्षांहून जास्त झाली." ती बोलत बोलत पुढे निघाली. "दिवा धरताना ज्योत आपल्यापासून लांब हवी, म्हणून कान चोचीच्या बरोब्बर मागे असतो. हा बघा, हा मागे नाही. हा बाजूला आहे, म्हणून दगडात मधोमध दिसतो. का? थांबा, दाखवते."

तिने पर्समधून बोंडलं काढलं. बाळ हवं होतं. टेबलावर मुंगीचा प्रबंध पडला होता, चांगला जाडजूड. तो तिने उचलला, डाव्या हाताच्या कोपरात निजवला आणि उजव्या हाताने बोंडल्याचा बाजूचा कान धरला. हात आपोआप वळला.

"बाळ इथे. चोच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात. कान बाजूला असला तर मनगट सरळ राहतं. मागे असता तर माझं कोपर बाळाच्या नाकावर आलं असतं. ज्याने हे कोरलं त्याने कोणाला तरी पाजताना बघितलंय, सर. आणि भोक बघा, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात दिव्याची वात जाईल? एक थेंब जातो फक्त. थेंब सोडायचा, गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई केली तर पोर जाते."

मोठ्या सरांनी हात पुढे केला. मावशीने बोंडलं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तो बाजूचा कान धरला, मनगट वळवलं, पुन्हा वळवलं.

"चाळीस वर्षं मला यात टाक दिसला," ते म्हणाले. "माझ्या हातात टाकच होता ना." मग मुंगीकडे वळून त्यांनी विचारलं, "मग ही विद्यार्थिनी नव्हे?"

"नाही, सर. हिला कोणीतरी भरवलं होतं. जन्म दिला नव्हता, तरी भरवलं होतं, आणि त्या बाईला ते दगडावर लिहावंसं वाटलं." मुंगीचा आवाज आता ठाम होता. "कॉलेजांनी हा शब्द फार नंतर उचलला. आम्हीही आमच्या मुलांना पोसलं, असं म्हणायला. वाईट नाही ते. पण आधी ही."

पुढचा अर्धा तास सगळ्यांना बाहेर बसवलं. मावशीने त्या अर्ध्या तासात रुमालाच्या घड्या घातल्या आणि मोडल्या. दार उघडलं, गाईड मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन, डॉक्टर. चौथ्या प्रकरणासकट." मग मुंगीने जी किंकाळी फोडली ती गेटपर्यंत गेली असणार. ती मावशीच्या गळ्यात पडली ती सुटेचना. मावशीचे पाय जमिनीवर नव्हते, अगदी खरोखर नव्हते, कारण मुंगीने तिला उचललं होतं.

निघताना दाराशी कारकुनाने हाक मारली. "बाई, तुमचा रकाना राहिलाय. वही पूर्ण करावी लागते मला. एका शब्दात लिहा, जागा कमी आहे."

मावशीने पेन हातात घेतलं. 'इतर' लिहायला हाताने सवयीने सुरुवात केली, आणि हात थांबला. मुंगी शेजारीच उभी होती, आता चांगली डोकंभर उंच, आणि तिचे डोळे वहीवर होते. मावशीने खाली वाकून, सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: भरवलं.

कारकुनाने वही आपल्याकडे वळवली, वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? हे काही नातं नाही." त्याने लाल पेन उचललं.

मोठे सर मागेच सही करायला थांबले होते. त्यांनी चष्मा लावला, वाकून तो शब्द वाचला, आणि कारकुनाच्या हातावर हात ठेवला.

"आहे," ते म्हणाले. "खोडू नका."